ब्रेकमास्तरांचा पूर्वग्रह

माणूस समोर येऊन उभा राहिला की तो गाडी कशी चालवणार हे ब्रेकमास्तरांना कळायचं. त्याने गाडीला हात लावायचीसुद्धा गरज नसायची. आत येताना तो दार ढकलतो की ओढतो, खुर्चीवर बसण्याआधी मागे वळून खुर्ची आहे ना हे बघतो की बिनधास्त टेकतो, आणि पोटापाण्याला काय करतो, एवढ्यावर मास्तर त्याचा निकाल लावून मोकळे.

शिक्षक असेल तर तो रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त बघणार, कारण मागच्या बाकावर काय चाललंय ही काळजी त्याला जन्मभराची. गाणारा असेल तर हॉर्न सोडणार नाही. शिंपी गाडी कडेकडेने नेणार, काठाला टीप मारल्यासारखी. न्हावी वळण झकास घेणार, पण सतत बोलणार, आणि बोलताना तुमच्या तोंडाकडे बघणार. डॉक्टरांचं सगळं उत्तम, फक्त ते वेळेवर येणार नाहीत.

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून असलेल्या मोटार ड्रायव्हिंग शाळेत मास्तरांची हयात गेली होती. शाळा म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात आतलं दिसावं म्हणून कापून ठेवलेलं एक जुनं इंजिन, आणि टेबलावर एक फळी, जिच्यावर रस्ते रंगवलेले होते आणि खेळण्यातल्या गाड्या सरकवून वळणं शिकवायची असत. बाहेर उभी असायची ती छोटी पांढरी गाडी. टपावर ‘शिकाऊ’ अशी लाल अक्षरं, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. मास्तरांनी तो दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जाई. या जादा ब्रेकवर मास्तरांचा उजवा पाय इतकी वर्षं होता की तो पाय आणि ते पेडल यांचं लग्न लागल्यात जमा होतं. म्हणूनच त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागायचं.

घरीसुद्धा हा पाय गप्प बसत नसे. बायको कपात चहा ओतू लागली आणि कप भरत आला की मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जाई. पाहुण्यांपुढे ती जरा मोकळं बोलू लागली की तोच प्रकार.

“दाबा, दाबा,” ती म्हणायची. “मी त्या गाडीसारखी थांबणारी नाही.”

बायको इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर लोक तिला काहीबाही विचारत, आणि ती उत्तर देई. त्यामुळे तिला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माहीत असण्याची सवयच लागली होती. उरलेला वेळ ती शब्दकोडी सोडवण्यात घालवी.

तर असं सगळं सुखात चाललं असताना एके दिवशी शाळेत बेकरीवाल्या बाई आल्या.

पन्नाशीच्या, बुटक्या, चष्म्याला साखळी लावून तो गळ्यात अडकवलेला. हाताला पिठाचा वास. त्यांची बेकरी दोन गल्ल्या पलीकडे होती. केक पोहोचवायची व्हॅन नवरा चालवायचा, पण त्याचा गुडघा बदलला होता आणि डॉक्टरांनी त्याला गाडीपासून लांब ठेवलं होतं. म्हणून बाईंनी ठरवलं होतं की आता व्हॅन आपणच चालवायची. त्यांनी दार आधी ओढलं, मग ढकललं. खुर्चीवर बसताना दोनदा मागे वळून बघितलं.

मास्तरांना एवढं पुरे होतं. बाई कागदपत्रं आणायला गेल्यावर ते शाळेच्या मालकिणीला म्हणाले, “ही बाई म्हणजे कठीण काम. पहिल्याच चौकात गाडी बंद पाडणार बघ.”

मालकीण म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. लहानपणी मास्तरांच्या मांडीवर बसून तिने स्टिअरिंग फिरवलं होतं. आता ती टेबलामागे बसे. चारचौघांत मास्तर तिला मॅडम म्हणत आणि एरवी अगंतुगं करत. ती त्यांना काकाच म्हणे.

“काका, अजून त्या गाडीत बसल्याही नाहीत,” ती म्हणाली.

“मला गाडीत बसवून बघायची गरज पडत नाही,” मास्तर म्हणाले.

आणि खरोखरच पहिल्या चौकात गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या चढावर बंद पडली. पेट्रोलपंपासमोर, शाळेच्या फाटकासमोर, एका उभ्या ट्रकपासून हाकेच्या अंतरावर, गाडी आचके देई आणि गप्प होई. मागून हॉर्न वाजत. बाई घामाघूम होत आणि म्हणत, “माझंच काहीतरी चुकतंय.” मास्तर खिडकीतून बाहेर बघत, आपण आधीच ओळखलं होतं या समाधानात.

मग एका सकाळी टपाल कचेरीच्या वळणावर बाईंनी पाय ब्रेकच्या वर उचलून धरलेला असताना ब्रेक आपला आपण खाली गेला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. आपल्या पायाकडे बघितलं. मग वाकून मास्तरांच्या पायाकडे बघितलं. तिथे एक चकचकीत पॉलिश केलेला काळा बूट पेडलवर घट्ट दाबलेला होता.

“मास्तर, गाडी कोण चालवतंय?”

“तुम्ही.”

“आणि थांबवतंय कोण?”

“तुम्ही चुकणार होतात ताई,” मास्तर शांतपणे म्हणाले. “त्या सायकलवाल्याच्या फार जवळून वळण घेणार होतात.”

“घेतलं होतं का?”

“घेणारच होतात.”

“अहो पण घेतलं होतं का?” बाईंचा आवाज चढला. मागे हॉर्न वाजत होते, पण आता त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. “मी चुकते, मला मान्य आहे. पण चूक माझी आहे ना? मग मला ती आधी करू द्या! मी करायच्या आतच तुम्ही ती धरता. भट्टीत केक असताना सारखं दार उघडून बघितलं की तो मधेच बसतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून माझं दार उघडताय, आणि वर म्हणताय, केक काही फुगत नाही.”

तिथून पुढे गाडी मास्तरांनी चालवली. बाई मागे बसल्या आणि शाळेत पोहोचल्यावर थेट मालकिणीच्या टेबलापाशी गेल्या.

त्या निघून गेल्यावर मालकिणीने मास्तरांना बसायला सांगितलं. एवढ्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे मास्तरांना कळलं, कारण एरवी ते न विचारता बसत.

“काका, याला पूर्वग्रह म्हणतात,” ती म्हणाली. “तुम्ही माणूस बघता आणि ठरवून टाकता. तुमची नजर पूर्वग्रहदूषित आहे.”

पूर्वग्रह हा शब्द मास्तरांच्या कानावरून गेलेला होता, पण लांबच्या नातेवाइकासारखा. नाव माहीत, नातं कुठून लागतं ते माहीत नाही. ‘ग्रह’ एवढं त्यांनी पकडलं आणि ‘दूषित’ हे पाण्याबद्दल ऐकलेलं आठवलं.

“माझे ग्रह अगदी ठीक आहेत,” ते म्हणाले. “आणि नजरही ठीक आहे. मागच्याच महिन्यात शेजारच्या चष्म्याच्या दुकानात तपासून घेतली.”

मालकिणीने कपाळाला हात लावला. “हे बघा, त्या बाई राहणार आणि तुम्हीच त्यांना शिकवणार. पण खरंच गरज पडल्याशिवाय तुमचा पाय त्या ब्रेकवर जाता कामा नये. आणखी एक तक्रार आली तर मला तुम्हाला फळीवरच्या गाड्या शिकवायला बसवावं लागेल.”

खेळण्यातल्या गाड्या! मास्तर घरी आले ते तोंड पाडूनच. बायको शब्दकोडं घेऊन बसली होती.

“पूर्वग्रह म्हणजे काय गं?”

“किती अक्षरी?”

“कोड्यातलं नाही. मला म्हणाले.”

बायकोने पेन्सिल खाली ठेवली. “कोण म्हणालं?” तिने विचारलं, आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. ऐकताना तिच्या तोंडावर जे काही उमटत होतं त्याला सहानुभूती म्हणणं कठीण होतं.

“हा ग्रह आकाशातला नव्हे,” ती म्हणाली. “ग्रह म्हणजे धरणं, पकडणं. आपण म्हणतो ना, ‘उगाच माझ्याबद्दल ग्रह करून घेऊ नका’? तोच. आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह, सगळी एकाच घरातली भावंडं. आग्रह तेवढा गोड, बाकीचे दोघे वाया गेलेले. पूर्वग्रह म्हणजे माणूस नीट बघायच्या आधीच मनात काहीतरी धरून बसणं. आणि तुम्ही नुसतं मनात नाही, पायातसुद्धा धरून बसता.”

“तो माझा अनुभव आहे,” मास्तर म्हणाले.

“अनुभव होता, दुसऱ्या लोकांचा. या बाईचा तुम्हाला काय अनुभव होता? तिने दार ओढलं एवढाच ना? आपल्या इस्पितळाचं दार मीसुद्धा रोज आधी ओढते. त्यावर ‘ढकला’ लिहिलेलं असून.”

 शब्द मात्र मास्तरांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. नव्या बुटासारखा तो त्यांना चावतही होता आणि घालून मिरवावासाही वाटत होता. आणि माणसाची जात अशी, की बूट आपल्याला चावायला लागला की त्याला वाटतं, हा दुसऱ्याच्या पायात घालून बघावा.

दुसऱ्या दिवशी ते दंतवैद्याकडे गेले. दंतवैद्य आत डोकावून म्हणाले, “मागची दाढ काढावी लागेल.”

“हा तुमचा पूर्वग्रह आहे,” मास्तर म्हणाले. तोंडात कापूस असल्यामुळे ते ‘हुर्वग्रह’ असं ऐकू आलं.

“हा एक्स-रे आहे,” दंतवैद्य म्हणाले आणि काचेवर धरून दाखवला.

येताना गालात बोळा धरून ते स्वतःची स्कूटर हाकत होते, तेव्हा चौकातल्या वाहतूक पोलिसाने हात करून अडवलं. मास्तरांनी बोळा दुसऱ्या गालात सरकवला. “मी पुढे जाणारच असं तुम्ही गृहीत धरलंत. हा पूर्वग्रह झाला.”

“हा सिग्नल झाला,” पोलीस म्हणाला. “लाल आहे.”

संध्याकाळी मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, साबणाच्या कंपनीत विक्रेता, आणि मास्तरांच्या मते विक्रेते गाडी चालवताना प्रत्येक दुकानाच्या पाटीकडे बघतात, म्हणून त्याला त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मेहुणा सूप पिता पिता सहज म्हणाला, “मीठ जरा कमी वाटतंय.”

“हा पूर्वग्रह!” मास्तर गरजले.

“भावोजी, मी अर्धी वाटी प्यायलोय.”

बायकोने पळी टेबलावर आपटली. “बास झालं! तुम्हाला जे आवडत नाही ते सगळं पूर्वग्रह नसतं. त्याने चाखलं, मग बोलला. दंतवैद्याने बघितलं, मग बोलला. तो शब्द गावभर वाटत फिरू नका. तुम्हाला दिलाय, तुमच्याकडेच ठेवा.”

“मग मी करू तरी काय?” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच केविलवाणा होता, आणि टेबलाखाली उजवा पाय जमीन दाबत होता.

त्या रात्री त्यांनी ठरवलं. आता कुणाबद्दल काही ठरवायचं म्हणून नाही. मनात नाही, तोंडात नाही, आणि पायात तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाई आल्या तेव्हा मास्तरांनी गाडीत बसून दोन्ही बूट काढले, मागच्या सीटखाली सरकवले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“तुमच्याबद्दल माझं काहीही मत नाही,” मास्तर म्हणाले. “चला.”

बाई खूश झाल्या. गाडी सुरू झाली, पहिला चौक पार झाला. गाडी बंद पडली नाही. बाजाराचा चढ पार झाला. बाई गुणगुणू लागल्या. शेजारी मास्तर एखाद्या साधूसारखे निश्चल बसले होते, फक्त त्यांच्या पायाचा अंगठा मोज्यातल्या मोज्यात वळवळत होता.

पुढे गादीवाल्याचं दुकान लागतं तिथे रस्ता अरुंद होतो. गादीवाल्याने नव्या गाद्या फुटपाथवर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बाईंनी समोरून येणाऱ्या टेम्पोला जागा द्यायला गाडी कडेला घेतली. जरा जास्तच घेतली. मास्तरांना दिसत होतं. टेम्पो गेला तरी स्टिअरिंग सरळ झालं नव्हतं. मास्तरांच्या तोंडापर्यंत शब्द आला, आणि त्यांनी तो गिळला, कारण अजून काही झालेलं नव्हतं. कडेचा दगड जवळ आला. अजूनही झालेलं नव्हतं. पुढचं चाक दगडावर चढलं तेव्हा मात्र झालं. मास्तरांनी पाय खाली घ्यायला बघितला, पण मांडी इतका वेळ घातलेली की पायाला मुंग्या आल्या होत्या. उजवा पाय डाव्यात अडकला. गाडी सावकाश, अगदी लाडात आल्यासारखी फुटपाथवर चढली आणि तोंड गाद्यांत खुपसून गप्प झाली. वरची गादी घसरली आणि पुढच्या काचेवर आडवी झाली. गाडीत अंधार झाला.

“मास्तर,” अंधारातून बाईंचा आवाज आला, “तुम्हाला दिसत नव्हतं का?”

“दिसत होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तो पूर्वग्रह झाला असता.”

“अहो, कसला पूर्वग्रह!” बाई ओरडल्या. “स्टिअरिंग वाकडं होतं ना? ते वाकडं होतं हे दिसत होतं ना? मी चुकायला लागल्यावर सांगायचं. आधी आणि वेळेवर यात काही फरक आहे की नाही? भट्टीतून धूर यायला लागला तरी मी दार बंद ठेवून बसत नाही!”

गादीवाला दुकानातून टेप हातात घेऊन धावत आला होता. “मला माहीतच होतं!” तो गाडीच्या टपावर थापा मारत ओरडला. “या शिकाऊ गाड्या सगळ्या अशाच. पांढरी गाडी दिसली की मी घाबरतो!”

मास्तर नुसत्या मोज्यांवर लंगडत बाहेर आले. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हा तुमचा पूर्वग्रह आहे.”

“अहो, गाडी माझ्या गादीवर आहे!” गादीवाला म्हणाला.

मास्तर स्टिअरिंगवर जाऊन बसले. गाड्या मागे घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी पांढरी गाडी अलगद खाली उतरवली. एका गादीवर चाकाचा काळा पट्टा उमटला होता तेवढाच. बाईंनी ती गादी तिथल्या तिथे विकत घेतली आणि गादीवाल्याला संध्याकाळी बेकरीत यायचं आमंत्रणही दिलं. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, “तुम्ही आत्ताच चला. तुम्हाला कॉफीची गरज आहे.”

बेकरी म्हणजे पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, आणि मधे एक संगमरवरी ओटा. नवरा पाय एका स्टुलावर ठेवून बसला होता आणि खोक्यांना दोऱ्या बांधत होता. गादी खांद्यावर घेतलेली आपली बायको आणि पायात नुसते मोजे असलेले मास्तर आत येताना बघून त्याने एक शब्दही विचारला नाही. मास्तरांना तो माणूस आवडला. बाईंनी त्यांच्यापुढे कॉफी आणि केकचा तुकडा ठेवला.

“मलाही एक कबूल करायचंय,” बाई म्हणाल्या. “मी तुम्हाला पहिल्या दिवशी बघितलं ना, तेव्हाच मनात म्हटलं, ज्या माणसाचे बूट एवढे चकाकतात तो घरी कुणाला तोंड उघडू देत नसणार. म्हणून मी पहिल्यापासून तुमच्याशी जरा फटकूनच वागले.”

“बूट मी स्वतः पुसतो,” मास्तर दुखावल्या स्वरात म्हणाले.

“तेच तर. आधी विचारलं असतं तर कळलं असतं.”

नवरा दोरी दातात धरून म्हणाला, “हिला साखर न घालता चहा पिणारेही आवडत नाहीत. मी चार वर्षं गोड चहा प्यायलो, तेव्हा लग्नाला हो म्हणाली.”

घरी आल्यावर मास्तरांनी सगळं बायकोला सांगितलं. गादीचा भाग आला तेव्हा ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. बुटांचा भाग आला तेव्हा मात्र म्हणाली, “बाई हुशार आहे. तुम्ही बोलू देत नाही हे बरोबर ओळखलं तिने.”

“म्हणजे तिचा अंदाज बरोबर आला! मग तो पूर्वग्रह कसा?”

“बरोबर आला तरी पूर्वग्रहच. लॉटरी लागली म्हणून काही गणित आलं असं होत नाही.”

मास्तर आपले जुने शिकाऊ एकेक करून आठवू लागले. आपली किती गणितं अशी लॉटरीची होती कोण जाणे. त्या गाणाऱ्याने हॉर्न सोडला नव्हता हे खरं, पण त्या दिवशी रस्त्यात म्हशींचा कळप होता, तेव्हा हॉर्न कुणीही सोडला नसता. आणि गाडी बंद पडण्याचं तर बोलायलाच नको. क्लच न दाबता नुसता ब्रेक दाबला की कुठलीही गाडी आचके देऊन बंद पडते, हे ते दर सोमवारी नव्या लोकांना स्वतः शिकवत. बाईंची गाडी बाईंनी बंद पाडलीच नव्हती. प्रत्येक वेळी ती मास्तरांच्याच पायाने बंद पडली होती, आणि तेच बाहेर बघत मनात म्हणाले होते, बघा, मी म्हटलं नव्हतं? त्यांना एकदम उकडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना हे सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. पण मी म्हटलं, डोळ्यांनी बघेपर्यंत बोलू नये.”

त्यानंतर शिकवणी नीट चालली. मास्तर बूट घालून बसत, पाय जादा ब्रेकच्या शेजारी जमिनीवर ठेवत आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून ठेवत. बाई चुकू लागल्या की म्हणत, “ताई, डावीकडे वाकडं होतंय,” आणि बाई सरळ करत. कधीकधी मास्तरांना चूक दिसायची आणि ती व्हायचीच नाही, बाई आपल्या आपणच सावरायच्या. तेव्हा मास्तरांना आश्चर्य वाटे. इतकी वर्षं ते हे होऊच देत नव्हते, त्यामुळे हे असं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक साहेब म्हणजे उंच, थकलेला माणूस, हातात चिमट्याने कागद लावलेली पाटी. गाडी शाळेची, म्हणून मास्तर मागे बसले; त्यांची जादा ब्रेकची जागा आज साहेबांची. साहेबांनी बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. बाईंनी गाडीचं आधी चुकीच्या बाजूचं दार ओढलं. साहेबांची नजर चष्म्याच्या साखळीवर गेली आणि त्यांनी एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मास्तरांच्या ओळखीचा होता. तो त्यांचा स्वतःचाच सुस्कारा होता, दुसऱ्याच्या नाकातून आलेला.

गाडी निघाली. टपाल कचेरीचं वळण आलं. दोन सीटांच्या मधल्या फटीतून मास्तरांना साहेबांचा बूट दिसत होता. तो हळूहळू पेडलकडे सरकत होता. टेकला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. बाईंनी आरशात मास्तरांकडे बघितलं.

परीक्षकांपुढे तोंड उघडायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम. मास्तरांनी तो आजवर पाळला होता. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“साहेब, त्यांनी अजून काही केलेलं नाही.”

साहेब मागे वळले. “करणार होत्या.”

“मग करू द्या की,” मास्तर म्हणाले. “आपण तेच बघायला आलोय ना?”

 साहेबांचे कान लाल झाले. मास्तरांना वाटलं, संपलं, उद्यापासून फळीवरच्या गाड्या. पण साहेबांनी पाय काढून घेतला. इतका मागे घेतला की सीटखालीच नेला, आणि म्हणाले, “चला बाई. काय करायचं ते करा.”

बाईंनी वळण सुरेख घेतलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली. अरुंद गल्लीत एका हातगाडीवाल्याला वाट दिली. मग मैदानात मागे मागे नेऊन खांबांच्या मधे गाडी उभी करायची होती. तिथे बाईंनी पहिला खांब पाडला, घाबरून दुसरा पाडला, आणि गाडी पुढे घेताना तिसऱ्यावरून चाक नेलं.

“नापास,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता, उलट खांब मोजल्याचं समाधान होतं.

मास्तर हिरमुसले. पण बाई खाली उतरल्या त्या हसत. “मास्तर, नापास झाले, पण माझ्या स्वतःच्या हिमतीवर! एकही खांब दुसऱ्या कुणी पाडला नाही.”

पुढच्या खेपेला त्या पास झाल्या. तेव्हा साहेबांनी दोन्ही पाय सीटखाली घेतले होते आणि मास्तरांना नमस्कारही केला होता. आता बाईंची व्हॅन सकाळी शाळेपुढून जाते आणि हॉर्न वाजवते. गादीवाला व्हॅन दिसली की अजूनही गाद्या आत घेतो, पण त्याला मास्तर काही बोलत नाहीत. त्याने बघितलंय, मग तो घाबरतो.

मास्तरांचं काय म्हणाल, तर सवय अशी रातोरात जात नाही. पण नव्या माणसाला आता ते धंदा विचारत नाहीत. विचारलं की डोक्यात काहीतरी येणारच, म्हणून विचारायचंच नाही. हे पथ्य त्यांना फार जड गेलं. त्यातच एक उंच, टक्कल असलेला माणूस शिकायला आला. तो गाडीत बसण्याआधी खिशातून रुमाल काढून स्टिअरिंग पुसायचा, वळताना ओठांनी अगदी हलकी शीळ घालायचा, आणि गाडी थांबली की इंजिनाला कान लावल्यासारखा मान तिरकी करून ऐकायचा. गाडी तो उत्तम चालवायचा. मास्तरांना रात्री झोप येईना.

“काय करत असेल गं तो?”

“विचारा ना.”

“विचारणार नाही.”

“मग झोपा.”

“घड्याळं दुरुस्त करत असेल.”

बायकोने उशीवर कूस बदलली. तिने तो माणूस पाहिला नव्हता, पण मास्तरांकडून रोज ऐकून ऐकून तो तिच्या ओळखीचा झाला होता. “घड्याळवाला शीळ घालत नाही. रुमाल आहे म्हणजे वाजंत्रीवाला. सनई नाहीतर बासरी.”

“हा पूर्वग्रह!” मास्तर उठून बसले.

“माझा घरगुती आहे. मी काही त्याचा ब्रेक दाबत नाहीये.”

तो माणूस परीक्षा पास झाला, मास्तरांचा हात हातात घेऊन आभार मानून गेला. काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर अजूनही घड्याळवाल्यावर ठाम आहेत. बायको म्हणते बासरी. मेहुण्याचं म्हणणं, तो नक्की साबण विकत असणार.